हाडाला नाईट मारता येत नाही

शर्यतीचा मोसम जवळ आला की आमच्या ट्रायथलॉनच्या ग्रुपवर एक जुना व्हिडिओ हमखास फिरायला लागतो. फेब्रुवारी १९८२, हवाई. ज्युली मॉस नावाची तेवीस वर्षांची मुलगी आयर्नमॅन शर्यतीत सगळ्या बायकांच्या पुढे आहे, शेवटची रेषा समोर दिसतेय, आणि तिचे पायच जातात. पडते, उठते, पुन्हा पडते. मागून येणारी कॅथलीन मॅककार्टनी तिला ओलांडून जाते आणि ज्युली हातापायांवर रांगत रेषेपर्यंत पोचते. फरक २९ सेकंदांचा. व्हिडिओखाली कोणीतरी लिहितं, "नो एक्स्क्यूजेस!" मग पन्नास मुठी, पन्नास ज्वाळा आणि दोन-चार वाघ.

यंदा मी त्याखाली लिहिलं, "ती पहिली होती. आपण चारशेसाठावे असतो. आपण कशासाठी रांगायचं?" ग्रुपवर दोन तास शांतता. मग कोच सरांचा पर्सनल मेसेज आला, "निगेटिव्हिटी नको." तर हा लेख म्हणजे त्या मेसेजचं लांबलचक उत्तर समजा.

ज्यांना या प्रकरणातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोहणं, सायकल आणि पळणं, एकामागून एक, मध्ये विश्रांती नाही, याला ट्रायथलॉन म्हणतात. १९७८ साली हवाईतल्या ओआहू बेटावर जॉन कॉलिन्स नावाच्या नौदलातल्या अधिकाऱ्याने, जास्त फिट कोण, पोहणारा की पळणारा की सायकलवाला, असल्या वादातून पहिली आयर्नमॅन काढली. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल, वर ४२.२ किमी पळणं. याच्या निम्मी ती ७०.३, सगळं अंतर मैलांत मोजलं की तेवढं भरतं म्हणून. ही निम्मी शर्यत २०१९ साली गोव्यात आली आणि पुण्यामुंबईच्या आमच्यासारख्यांची सोय झाली. मिरामारच्या समुद्रात पोहायचं, मग ९० किमी सायकल, मग त्या चिकचिकीत उन्हात २१ किमी पळायचं, सगळं साडेआठ तासांत. त्याच्या आधीच, २०१५ मध्ये, मिलिंद सोमणने ४९व्या वर्षी झुरिकला अख्खी आयर्नमॅन पूर्ण केली होती. तेव्हापासून "त्याला या वयात जमतं, तुला काय झालंय?" हे वाक्य जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. तो तरुणपणी राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू होता, ही गोष्ट मात्र त्या वाक्यात कधीच येत नाही. असो.

आता या खेळात आयटीवाले एवढे का घुसले याचं माझं एक उत्तर आहे. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आपण विषय किती शिकतो हा प्रश्नच आहे, पण एक गोष्ट पक्की शिकतो, ती म्हणजे नाईट मारणे. अख्खं सेमिस्टर कट्ट्यावर घालवायचं आणि सबमिशनच्या आदल्या रात्री तीन जर्नल्स उतरवायची. एम-थ्री एका रात्रीत. पुढे नोकरीत तेच, फक्त सबमिशनच्या जागी रिलीज येतो. काम कितीही साठलेलं असो, शेवटी जोर लावला की उरकतं, हा समज आपल्या डोक्यात इतका घट्ट बसतो की आपण शरीराकडेही एक उशीर झालेलं प्रोजेक्ट म्हणून बघायला लागतो.

मी तेच केलं. २०२३ च्या गोव्याच्या शर्यतीसाठी नाव नोंदवलं, कोच लावला. सकाळी पावणेपाचला उठायचं. दोन दिवस पोहणं, तीन दिवस पळणं, रविवारी खंबाटकीपर्यंत सायकल आणि परत येऊन उतरल्या उतरल्या पाऊण तास पळणं. याला ब्रिक म्हणतात, आणि पाय खरोखरच विटेसारखे होतात :-) रात्री क्लायंटचा कॉल, तो साडेअकराला संपायचा. झोप पाच तास, कधी त्याहून कमी. सरांचा प्लॅन एका ॲपवर यायचा. ठरलेलं केलं की चौकोन हिरवा, चुकलं की लाल. ज्या माणसाने आयुष्यभर बिल्ड फेल झाल्याचा लाल रंग बघितलाय त्याला हा लाल चौकोन किती लागतो हे वेगळं सांगायला नको. त्या प्लॅनमध्ये वेग होता, हृदयाचे ठोके होते, दर तासाला किती ग्रॅम कार्ब्ज खायचे ते होतं. झोपेचा रकाना नव्हता. आणि मलाही तो नाही हे कधी जाणवलं नाही.

जूनमध्ये उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. घोट्याच्या वर चार बोटं, एका बोटाने नेमकं दाखवता येईल अशी जागा. आधी पळून झाल्यावर दुखायचं, मग पळताना, मग रात्री नुसतं पडल्यापडल्याही. सगळ्यात आधी आईने ओळखलं.

"काय रे, लंगडतोयस का?"

"नाही गं, जरा आखडलंय."

सरांना विचारलं. चार सेकंदांत उत्तर. "शिन स्प्लिंट्स. सगळ्यांना होतात. बर्फ लाव, मन खंबीर ठेव." एकशेचाळीस जणांना ऑनलाईन कोचिंग देणारा माणूस चार सेकंदांत याहून वेगळं काय सांगणार? एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला, म्हणून आणखी बारा दिवस पळालो. अशा दुखण्यात सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेवर बऱ्याचदा काहीच दिसत नाही, एमआरआय लागतो, हे मला नंतर कळलं.

पण मला हे लिहावंसं वाटलं ते माझ्या पायामुळे नाही. आमच्या ग्रुपमध्ये बडी पद्धत आहे. जुन्याने एका नव्याकडे लक्ष द्यायचं. माझ्याकडे एक मुलगी होती, दुसऱ्या कंपनीतली, नोकरीचं पहिलंच वर्ष. जुलैत तिचा मेसेज आला, "दादा, जांघेत दुखतंय, पळताना जास्त. रविवारी येऊ का नको?" त्या वेळी मी स्वतः पायावर बर्फाची पिशवी बांधून बसलो होतो. आणि मी टाईप केलं, "पहिल्या मोसमात सगळ्यांचंच दुखतं. दुखणं म्हणजे शरीर घडतंय. रविवारचं सोडू नकोस." वर एक मूठ. शब्द माझे नव्हते, ग्रुपवरूनच उचललेले होते. पण पाठवले मी.

ती आली. सोळा किलोमीटर पळाली. दहा दिवसांनी कुबड्यांवर होती. मांडीच्या हाडाच्या मानेला स्ट्रेस फ्रॅक्चर. डॉक्टर म्हणाले, नशीब आरपार गेलं नाही, नाहीतर ऑपरेशन करून स्क्रू घालावे लागले असते. त्यानंतर दोन आठवड्यांनी माझा एमआरआय झाला, तर माझ्या नडगीतही तीच भानगड, फक्त जागा कमी धोक्याची. ती मला एका शब्दाने काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

हाडाचं काय होतं ते मला फिजिओ मॅडमनी समजावलं, आणि पुणेकराला ते लगेच कळण्यासारखं आहे. हाड हे जिवंत प्रकरण आहे. त्याच्यावर नवा भार आला की शरीर तिथलं जुनं हाड आधी खणून काढतं आणि मग नवं भरतं. खणणारी टोळी वेगळी, भरणारी वेगळी. खणायचं काम काही आठवड्यांत उरकतं, भरायला महिने लागतात. अगदी आपल्या रस्त्यांसारखं. म्हणजे भार वाढवल्यावर मध्ये एक काळ असा येतो की हाड आधीपेक्षा कच्चं असतं. आणि नेमक्या त्याच काळात हृदय आणि रक्त पुढे निघून गेलेलं असतं. ते दिवसा-आठवड्यांत सुधारतं. दम लागत नाही, पाय हलके वाटतात, घड्याळ सांगतं की तुझी फिटनेस वाढली. घड्याळ खोटं बोलत नाही, पण ते हृदयाविषयी बोलत असतं. हाडाला मोजणारा सेन्सर मनगटावर नाही. आणि भरणाऱ्या टोळीला लागतं काय, तर पोटभर अन्न आणि झोप. मी नेमकं तेच कापून सरावाला वेळ काढत होतो!

आता कोच मंडळींकडे वळतो. सगळ्यांना एका माळेत ओवत नाही. दुखतंय म्हटल्यावर आधी फोन उचलणारे, "एका बोटाने दाखवता येतं का? एका पायावर उडी मारून बघ, दुखतं का? रात्री दुखतं का?" असे साधे प्रश्न विचारणारे कोच मी नंतर पाहिलेत. पण ज्याला ग्रुपभर शिस्त म्हणून विकलं जातं तो धंदा वेगळा आहे. त्याची जाहिरात म्हणजे शर्यतीनंतरचा फोटो, गळ्यात मेडल, मागे समुद्र. आमच्या त्या वर्षीच्या फोटोत नऊ जण आहेत. जानेवारीत आम्ही तेवीस होतो. उरलेल्या चौदा जणांचा फोटो कोणी काढत नाही. ते गुपचूप ग्रुप सोडतात, आणि सोडणाऱ्याविषयी "त्याच्यात दम नव्हता" एवढंच बोललं जातं. परत आलेल्या विमानांवरची भोकं मोजून हिशोब करू नये, ही गोष्ट कॉलेजातल्या स्टॅटिस्टिक्सच्या तासाला आपल्यापैकी अर्ध्या लोकांनी ऐकलीय. आणि तरी आपण फोटो बघून फी भरतो.

तुम्ही म्हणाल, मग जोर लावायचाच नाही का? थोडं दुखल्याशिवाय काही मिळतं का? बरोबर आहे. बोपदेव घाट चढताना मांड्या पेटतात, शेवटच्या पाच किलोमीटरला मन "बस कर" म्हणतं. ते सोसायचंच असतं, त्यातच तर मजा आहे. पण ते दुखणं पसरट असतं, दोन्ही पायांत सारखं असतं आणि थांबलं की ओसरतं. एका बिंदूत टोचणारं, दर पावलागणिक वाढणारं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं ही निराळी जात आहे. या दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, आणि "पेन" म्हटलं की लगेच पुढचा "गेन" आपोआप तोंडात येतो. माझी तक्रार आहे ती याच गोष्टीवर.

आणि गोळ्या? २००८ साली ब्राझीलच्या आयर्नमॅनमधल्या स्पर्धकांची पाहणी झाली होती, त्यात दहापैकी सुमारे सहा जणांनी आधीच्या तीन महिन्यांत दाहशामक वेदनाशामक गोळ्या घेतल्याचं सांगितलं. आमच्याकडे अशी मोजणी कोणी केली तर आकडा ऐकायला मला भीती वाटेल. पहाटे सायकलच्या छोट्या पिशवीत जेल, ट्यूब आणि स्ट्रिप अशी तिन्ही एकत्र ठेवणारे मीच पाच-सहा ओळखतो. त्यांच्यात मी एक होतो. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या किडनीला जड जातात, हे त्या स्ट्रिपच्या मागे छापलेलं वाचायला पहाटे पाच वाजता कोणाला वेळ असतो?

व्हिडिओच बघायचा असेल तर दुसरा बघा. हवाईच, १९९५. पॉला न्यूबी-फ्रेझर, त्याआधी ही शर्यत सात वेळा जिंकलेली बाई. घाईत पाणी प्यायच्या थांब्यांकडे दुर्लक्ष झालं, आणि रेषा काहीशे मीटरवर असताना ती कोलमडली. ती रांगली नाही. बूट काढले, रस्त्यावर चक्क आडवी झाली, बराच वेळ तशीच पडून राहिली, मग उठून चालत गेली आणि चौथी आली. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली. हा व्हिडिओ मी ग्रुपवर टाकला होता. एकही मूठ आली नाही.

मी सात आठवडे पळालो नाही. कमरेला फ्लोटचा पट्टा बांधून पोहण्याच्या तलावात उभ्याउभ्या पळायचो, शेजारच्या लेनमधल्या आजोबांना ते फार विनोदी वाटायचं. गोव्याची शर्यत घरी बसून फोनवर ट्रॅक केली. मग एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं, इथून सुरुवात. ती मुलगी पळायला परतलीच नाही. सायकल चालवते, छान चालवते.

आता रविवारी मी वेताळ टेकडीवर चार-पाच नव्या लोकांबरोबर असतो. फी नाही, प्लॅन नाही. आल्यावर विचारतो, काल किती तास झोपलात आणि कुठे दुखतंय का. गेल्या रविवारी एक नवा मुलगा आला, नडगीवर निळी पट्टी चिकटवलेली. कुठे दुखतं विचारलं, तर त्याने एका बोटाने जागा दाखवली. मी त्याला एका पायावर उडी मारायला लावली, त्याचा चेहरा बघितला आणि म्हटलं, "आज घरी जा, उद्या डॉक्टरकडे जा." तो "हो दादा" म्हणून गेला.

संध्याकाळी स्ट्रावा उघडलं तर त्याचे अठरा किलोमीटर दिसले, पाषाणच्या बाजूने. एकतीस जणांनी कुडोज दिले होते, त्यात आमचे कोच सरही होते. मी दिले नाहीत. त्याला फोन केला, त्याने उचलला नाही.