सीव्हीत विकतची ओळ नको!

आपल्याकडे एमडी-एमएसची सीट नीट-पीजीच्या रँकवर मिळते, सीव्ही कुणी बघत नाही. अमेरिकेत रेसिडेन्सीला अर्ज करणाऱ्या आपल्या पोरांचं तसं नाही. तिथं यूएसएमएलईच्या स्टेप वनला २०२२ पासून गुण नाहीत, फक्त पास-नापास. त्यामुळे बाकीच्या अर्जाचं वजन वाढलं.

आणि इथंच दुकानं उघडली. पैसे भरा, रिसर्च पेपरवर नाव घ्या! आमच्या गावातल्या एका डॉक्टर पोराला असाच फोन आला. विचारायला आला, "दादा, घेऊ का?"

मी म्हटलं, "मुलाखतीत विचारलं, या पेपरात तू काय केलंस, तर काय सांगशील?" गप्प बसला.

"बरं, रूरल पोस्टिंगला काय केलंस?"

"विशेष काही नाही. बीपी-शुगरचे पेशंट मधेच गोळ्या सोडायचे. त्यांची नावं वहीत लिहून फोन करायचो."

अरे, हेच तर लिहायचं! त्या अर्जात अनुभवांच्या जागा १०, त्यातले ३ सर्वांत महत्त्वाचे म्हणून निवडायचे. 'रुग्णसेवा केली' असं मोघम नको. किती महिने, किती पेशंट, तू स्वतः काय केलंस, काय शिकलास, एवढं खरं लिही. आकडा लहान असला तरी चालेल, खोटा नको.

मोठ्या शहरातल्या पोरांना हे सिनियर सांगतात. आपल्या पोरांना एजंट सांगतो, तेही पैसे घेऊन. मेडिकल कॉलेजांनी इंटर्न्सना यासाठी दोन तास दिले, तर किती बापांचे पैसे वाचतील!

तुमच्या ओळखीत कुणी अर्ज करत असेल, तर त्याच्यापर्यंत हे पोचवा.