बंदीने हेर पकडला जात नाही

हेरकथा हा आपल्या प्रेक्षकांच्या आवडीचा विषय आहे. १९६७ साली ‘फर्ज’मधील एजंट ११६ लोकांनी डोक्यावर घेतला, १९७९ साली ‘सुरक्षा’मधून गनमास्टर जी-९ अवतरला. जेम्स बाँडच्या या देशी नकला निदान चित्रपटगृहात, चारचौघांत पाहिल्या जात. अमेरिकेत याच हेराची निराळी पैदास झाली. सिनेमॅक्ससारख्या सशुल्क वाहिन्यांवर मध्यरात्री स्वस्तातले कामुक विडंबनपट दाखविले जाऊ लागले. दोन-चार खोल्या, मोजकी नटमंडळी, एक खोटे पिस्तूल आणि वस्त्रे उतरविण्यापुरते कथानक, एवढ्या भांडवलावर हा धंदा चाले.

आपल्याकडे केबल घरोघर पोहोचली आणि ‘प्रौढांसाठी’ असे प्रमाणपत्र असलेले चित्रपट मुलाबाळांच्या बैठकीच्या खोलीत आले. प्रतिभा नैथानी या प्राध्यापिकेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने असे चित्रपट केबलवर दाखविण्यास मनाई केली आणि २००६ साली नियमही तसा बदलला. ही मनाई योग्यच होती. कारण बैठकीच्या खोलीला तिकीट तपासणारा द्वारपाल नसतो.

परंतु दूरचित्रवाणीवरून हद्दपार झालेला हेर आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर निर्धास्त बसला आहे. अश्लीलतेच्या कारणावरून केंद्र सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये अठरा आणि २०२५ च्या जुलैमध्ये पंचवीस व्यासपीठे बंद केली. एक दार लावावे तर दुसरी खिडकी उघडते, असा हा प्रकार आहे. तेव्हा मागणी कोठून येते, याचाही विचार व्हावयास हवा.

बोईसर-तारापूरचे उदाहरण घ्यावे. येथे अणुवीजकेंद्र १९६९ पासून आहे. शेजारी मोठी औद्योगिक वसाहत आहे. घरदार दूर ठेवून आलेले तरुण पाळी संपवून भाड्याच्या खोलीत परततात. वसाहत आखताना भूखंड, पाणी, वीज यांचा हिशेब होतो; माणसाच्या संध्याकाळचा मात्र होत नाही. त्या रिकाम्या, एकाकी वेळेवरच ही स्वस्त करमणूक पोसली जाते.

चावटपणा मराठी माणसाला परका नाही. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात दादा कोंडके यांनी भरल्या नाट्यगृहाला हसविले. तेथे शृंगार होता, पण त्याच्या जोडीला राजकारणावरचा टोलाही होता; आणि शेजारचा प्रेक्षक हसत असल्यामुळे मर्यादेचे भान आपोआप राही. मध्यरात्रीच्या हेरपटात विनोद नाही, शृंगारही नाही. आहे तो फक्त प्रेक्षकाच्या बुद्धीविषयीचा तुच्छभाव.

२०१४ च्या १ ऑगस्टला पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याच्या विकासाच्या आराखड्यात कारखान्यांइतकीच वाचनालये, क्रीडांगणे व परवडणारी नाट्यगृहे मोडली पाहिजेत. शाळांतही लैंगिक शिक्षणाचा विषय संकोच सोडून शिकविला गेला पाहिजे. मुलांपासून काय दूर ठेवावे, हे कायदा ठरवू शकेल. तरुणांपुढे काय ठेवावे, हे समाजालाच ठरवावे लागेल.