गवताला नाव नसेल तर जमीन 'पडीक' ठरते का?

पावसाळ्यात खराडीत दोन टॉवरच्या मधल्या मोकळ्या प्लॉटवर गुडघाभर गवत उगवतं. आपल्यासाठी ते नुसतं 'गवत'. पण जनावरं पाळणाऱ्या कुणाला विचारा, मारवेल, पवन्या आणि कुसळी यांतला फरक ते लगेच सांगतील.

हा फरक ओळखणं महत्त्वाचं का आहे? त्यासाठी आधी गोव्याला जाऊया.

नवं गवत कुठे सापडलं?

2020 मध्ये पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी गवताची एक नवी प्रजाती जाहीर केली : इस्किमम जनार्थनमी. गोवा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एम. के. जनार्थनम यांच्या सन्मानार्थ हे नाव दिलं गेलं. गोव्यातल्या भगवान महावीर राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेलगत, जांभ्या दगडाच्या पठारावर हे गवत वाढतं.

कोकणात अशा पठाराला 'सडा' म्हणतात. पावसाळ्यात इथे पाणी साचतं, उन्हाळ्यात दगड तापतो आणि माती जेमतेम असते. आजूबाजूला जंगल किंवा शेती, मधे हा कातळ. म्हणजे जमिनीवरचं बेटच. त्यामुळे इतरत्र न आढळणाऱ्या वनस्पती इथे मिळतात.

गवत ओळखतात कसं?

गवताच्या फुलाला रंगीत पाकळ्या नसतात. त्यामुळे तुऱ्यातली बारीक फुलं भिंगाखाली पाहावी लागतात. कुसळ आहे का, किती लांब आहे, पेरावर केस आहेत का, हेही तपासतात. कधीकधी पावसाच्या कमी-जास्त प्रमाणामुळेही झाड वेगळं दिसू शकतं. म्हणून 2017 च्या पावसाळ्यात पहिला नमुना मिळाल्यावर शास्त्रज्ञांनी पुढची दोन वर्षं या गवतावर लक्ष ठेवलं. लक्षणं कायम राहतात का, हे पाहिलं आणि जनुकीय माहितीचाही आधार घेतला.

मग अडचण काय?

सरकारी नोंदींमध्ये सडे आणि माळरानं अनेकदा 'पडीक' म्हणून दाखवली जातात. अशी जमीन मग खाणीसाठी, प्रकल्पासाठी किंवा वृक्षारोपणासाठी रिकामी समजली जाते. 2019 मध्ये राज्याने 33 कोटी झाडं लावण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. उजाड डोंगरावर झाडं हवीतच. पण माळावरच्या गवताला भरपूर ऊन लागतं. तिथे दाट झाडं लावली की सावलीत ते मागे पडतं. मग त्यावर जगणारी चिंकारा, माळढोकसारखी प्रजा आणि धनगरांची मेंढरंही अडचणीत येतात.

जमिनीवर कोणती गवतं आहेत याची यादीच नसेल, तर नुकसान किती झालं हेही मोजता येत नाही. त्यामुळे पुढच्या जूनमध्ये तुमची सोसायटी किंवा कंपनी एखाद्या माळावर झाडं लावायला निघाली, तर आयोजकांना एवढंच विचारा : इथे आधी काय उगवतं, हे कुणी पाहिलंय का?