दिमोनातली मराठी

आज 27 फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. गावोगावी ग्रंथदिंड्या निघतील, भाषणे होतील. आम्हाला मात्र आज दिमोना, लोद, अश्दोद, बेअरशेवा या इस्रायली गावांतली मराठी आठवते.

ती मराठी बोलणाऱ्या, कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंची परंपरा सांगते की, नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात जोडपी वाचली. कोकणात ती हिब्रू विसरली; ओठांवर राहिली ती शेमाची प्रार्थना. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, त्यांचा तेलाचा घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. त्यांनीही गावाचे नाव लावले: पेणकर, किहीमकर, नवगावकर. 1874 साली पुण्यात छापलेल्या त्यांच्या हगादात, म्हणजे वल्हांडण सणाच्या पोथीत, हिब्रूच्या जोडीला मराठी आहे आणि चित्रात जमिनीवर बसून बेखमीर भाकर करणाऱ्या बायका साडीत आहेत.

1948 नंतर हाच समाज इस्रायलला निघाला. तिथे त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली. विवाहाच्या हक्कासाठी त्यांना रस्त्यावर उतरावे लागले, तेव्हा कुठे 1964 मध्ये सरकारने त्यांना सर्वार्थाने ज्यू म्हणून जाहीर केले. कोकणात ते शनिवारमुळे वेगळे होते, तिथे कोकणामुळे वेगळे ठरले. शाळा हिब्रू, लष्कर हिब्रू. नातवंडांच्या तोंडी आजीची हिब्रू ‘सावता’ झाली. मलिदा मात्र राहिला. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे आणि एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे प्रेषित एलियाचे, नाव.

भाषा गेली तरी समाज टिकतो, हे तर या समाजानेच एकदा दाखवले आहे. मग मराठी गेली म्हणून काय बिघडले? आमच्या मते पुष्कळ बिघडते. मलिद्याची कृती हिब्रूत सांगता येईल; पण बायबलमधल्या कथांवर त्यांनी रचलेली कीर्तने मराठीतच उभी राहतात. शब्द कळेनासे झाले की उरते नुसती चाल. दोन परंपरा एका श्वासात बोलणारी अशी मराठी दुर्मीळच.

‘मायबोली’ हे मराठी त्रैमासिक या मंडळींनी तिथे स्वतःच्या बळावर काढले. इथल्या साहित्यसंस्थांनी आता निदान एवढे करावे: तिथल्या वृद्धांची बोली आणि कीर्तने ध्वनिमुद्रित करून घ्यावीत. हे काम पुढच्या पिढीवर ढकलता येणारे नाही. आणि अलिबाग, पेण, मुंबई, ठाण्याच्या वाचकांनो, इस्रायलला गेलेल्या शेजाऱ्यांची जुनी मराठी पत्रे घरात असतील, तर ती रद्दीत घालू नका.