नाव एक, कागद चार

लोणावळ्याच्या पावसात कागद कोरडे ठेवणे ही मोठी कला आहे. गेल्या आषाढात आमच्या शेजारची सूनबाई छत्री स्वतःवर न धरता हातातल्या पिशवीवर धरून आमच्या ओट्यावर आली. तळेगावच्या एका इस्पितळात ती आठ वर्षे नर्स आहे. सकाळच्या लोकलने जाते, संध्याकाळी भाजी घेऊनच परतते. आता तिला इंग्लंडला नोकरी करायची आहे.

"गुरुजी, यातली मी कोणती ते तुम्हीच सांगा," असे म्हणून तिने चार कागद माझ्यापुढे मांडले.

नर्सिंगच्या पदविकेवर आडनाव आधी आणि नाव मागून. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीवर वडिलांचे नाव व माहेरचे आडनाव. पासपोर्टावर नवऱ्याचे नाव व सासरचे आडनाव. आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर इंग्रजीत एका 'आय'च्या जागी दोन 'ई'! लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहायला अर्धे मिनिट लागते. तेच नाव परदेशी कचेरीच्या गळी उतरवायला अर्धे वर्ष लागते.

त्या दोन 'ई'कडे पाहून मी खाली मान घातली. त्या वर्षी शाळेचा मुख्याध्यापक मीच होतो. बोर्डाचे अर्ज माझ्याच सहीने गेले होते.

वाचकहो, पुष्कळांना वाटते की इथली नोंदणी ट्रंकेत घातली आणि विमानात बसले की झाले. तसे नाही. तिथली परिषद नर्सला नव्याने पारखते. इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा दिली तर वाचणे, ऐकणे आणि बोलणे यांत ७ व लिहिण्यात ६.५ गुण हवेत. मग संगणकावरची परीक्षा. तीत औषधाच्या मात्रेची गणितेही असतात. शेवटची परीक्षा इंग्लंडात, प्रत्यक्ष हातांची: एकेका टेबलाशी जाऊन काम करून दाखवायचे. शिवाय इथली नोंदणी खरी आहे याची खात्री ते इथल्या परिषदेकडूनच करून घेतात. अमेरिकेची तऱ्हा निराळी. तिथली एनसीएलईएक्स परीक्षा तर आहेच. पण कागद तपासणाऱ्या संस्थेला गुणपत्रके नर्सिंग शाळेने परस्पर धाडावी लागतात. जर्मनीत भाषाच आधी शिकावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आपल्याकडे जर्मनचे नाव अधिक ऐकू येते.

मला हे सारे आधी ठाऊक होते असे समजू नका. तिच्या कागदांपायी शिकलो.

शिकता शिकता एक गोष्ट वेळेवर कळली. एका दलालाने तिच्याकडे तीन लाख मागितले होते, आणि सासऱ्यांनी कामशेतकडचे भाताचे खाचर गहाण टाकायची तयारी चालवली होती. त्या खाचरातल्या इंद्रायणीवर आम्हीही वर्षभर जेवतो. आम्ही दोघांनी बसून ब्रिटिश सरकारची परदेशी परिचारिकांच्या भरतीची नियमावली वाचली. तीत स्पष्ट म्हटले आहे की, नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेऊ नयेत. सासरे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे खाचर आपलंच."

पुढचे दोन महिने वडगावच्या वाऱ्यांत गेले. प्रतिज्ञापत्र झाले, विवाहाचा दाखला काढला, राजपत्रात नाव छापून आले. माजी मुख्याध्यापक या नात्याने मी चूक कबूल करणारे पत्र दिले. आयुष्यात शेकडो मुलांच्या चुकांखाली तांबड्या रेघा ओढल्या. स्वतःच्या चुकीखाली सही करताना मात्र हात थोडा थांबला.

तिची मुलगी चार वर्षांची आहे. तिला कोण पाहणार, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. सासूबाईंनीच विषय काढला. म्हणाल्या, "माझ्या आत्याला नर्स व्हायचं होतं, पुण्याला धाडलं नाही कुणी. हिला मी अडवणार न्हाई. पोरगी माझ्यापाशी निजते." बोलताना नातीच्या केसांतला हात काही थांबला नाही.

आता दिवाळी आली आहे. इंग्रजीची आणि संगणकावरची परीक्षा ती पास झाली. रोज रात्री ती हातांच्या परीक्षेची तालीम करते, आणि रोगी म्हणून आम्हा म्हाताऱ्यांना आळीपाळीने खाटेवर निजावे लागते. परवा माझी पाळी होती. तिने हात धुतले, खाटेजवळ आली आणि इंग्रजीत मला स्वतःचे नाव सांगितले. तिथे हे आधी करावे लागते म्हणे.

फक्त नाव. बारशाला ठेवलेले, तेवढेच. मी म्हटले, "आणि पुढचं?"

"पुढचं कागदावर आहे, गुरुजी," ती म्हणाली. "आता हलू नका, नाडी मोजायचीय."