बॉयलरचा हिशोब

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी आमच्या घरातल्या बॉयलरने मान टाकली. बाहेर उणे दोन, आत अकरा. मी आणि बायको स्वेटरवर स्वेटर चढवून, गॅसच्या शेगडीजवळ उभे राहून चहा प्यायलो आणि मग फोनाफोनी सुरू केली.

ज्यांनी इंग्लंडातलं घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इथे बहुतेक घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक पांढरा डबा टांगलेला असतो. तो गॅस जाळून पाणी तापवतो आणि ते पाणी घरभरच्या रेडिएटरमधून फिरवतो. डबा कॉम्बी जातीचा असेल तर आंघोळीचं गरम पाणीही तोच देतो. म्हणजे हा एक डबा बंद पडला की घर गारठतं आणि आंघोळही गेली.

रेडिंगमधलं हे दोन बेडरूमचं घर घेऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. बॉयलर आधीच्या मालकाने २००७ मध्ये बसवलेला. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं, मान हलवली आणि सांगितलं की आतला हीट एक्स्चेंजर गेलाय, तो आता मिळत नाही, नवीन घ्या. मग कोटेशनं मागवली. एका मोठ्या कंपनीचं आलं ३,१५० पौंड. गावातल्याच एका माणसाचं आलं २,३९५. आणि तिसरं कोटेशन आलं मंडळातल्या एका मित्राकडून.

"अरे, एवढे पैसे कशाला घालवतोस? माझ्या ओळखीचा एक जण आहे, रोख दीड हजारात बसवून देईल. सर्टिफिकेट नाही मिळणार, पण कागद जाळून काय घर गरम होतं का?"

त्याच संध्याकाळी पुण्याला फोन झाला. बाबा हसायलाच लागले. म्हणाले, "आमचा गॅस गिझर पाच हजारात आला. रुपयांत! पोरगा आला, अर्ध्या तासात लावून गेला."

खरं सांगतो, मोह झाला. नऊशे पौंडांचा फरक म्हणजे दोघांची भारतवारी. आणि मी इंजिनिअर असल्यामुळे मनात लगेच आलं, की दोन पाइप पाण्याचे, एक गॅसचा, एक वायर, त्यात अवघड ते काय? (सॉफ्टवेअरवाल्यांना हार्डवेअर नेहमीच सोपं वाटतं.)

मग मी २,३९५ वाल्याला म्हटलं, जरा फोड करून द्या. त्याने दिली, व्हॅट धरून:

बॉयलर ९८०. धूर बाहेर नेणारं नळकांडं ९५. पाण्यातला गंज पकडणारा चुंबकाचा फिल्टर ११०. थर्मोस्टॅट आणि कंट्रोल १४०. पाइप, व्हॉल्व्ह वगैरे १७५. जुने रेडिएटर आतून धुऊन काढणं १५०. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म २५. दोन माणसांची दीड दिवसाची मजुरी ७२०.

मी विचारलं, यात सर्टिफिकेटचे किती? तो म्हणाला, ते वेगळे लावत नाही, ऑनलाइन नोंद करायला मला दोन-चार पौंड लागतात, बस.

इथे माझी ट्यूब पेटली. मी समजत होतो की नऊशे पौंड कागदाचे आहेत. कागद जवळजवळ फुकटच होता. ते नऊशे होते धुलाईचे, फिल्टरचे, अलार्मचे, आणि शिकलेल्या माणसाने दीड दिवस घाई न करता काम करण्याचे. दीड हजारवाला कागद वगळून स्वस्त होत नव्हता. तो काम वगळून स्वस्त होत होता, आणि कागद नाही म्हटल्यावर काय वगळलं ते विचारणारंही कोणी नव्हतं.

आता हा कागद नक्की काय असतो? इथे पैसे घेऊन गॅसचं काम करणाऱ्याने गॅस सेफ रजिस्टरवर असणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याच्याकडे फोटोचं ओळखपत्र असतं आणि त्याच्या मागच्या बाजूला त्याला कुठली कामं करायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. शेगडी जोडणारा बॉयलर जोडू शकेलच असं नाही, म्हणून कार्ड उलटून पाहायचं. या लोकांना दर पाच वर्षांनी परीक्षाही द्यावी लागते. बॉयलर बसवल्यावर तीस दिवसांच्या आत त्याने नोंद करायची, ती नगरपालिकेपर्यंत जाते आणि मग घरमालकाच्या हातात बिल्डिंग रेग्युलेशनचं सर्टिफिकेट येतं.

हे सगळं कुठून आलं? १६ मे १९६८ च्या पहाटे पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट नावाच्या बावीस मजली इमारतीत अठराव्या मजल्यावरच्या एका बाईने चहासाठी गॅस पेटवला. जोडणीतली पितळेची एक नट सदोष होती, गॅस साचलेला होता. स्फोट झाला आणि इमारतीचा एक अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसं गेली. इमारतीत लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्यानंतर १९७० मध्ये गॅसवाल्यांची नोंदणी करणारी कॉर्गी ही संस्था निघाली. आधी नोंदणी ऐच्छिक होती, १९९१ मध्ये ती सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २००९ पासून कॉर्गीच्या जागी गॅस सेफ रजिस्टर आलं. म्हणजे ऐच्छिकपासून सक्तीपर्यंत यायला इंग्रजांनाही एकवीस वर्षं लागली.

पण थांबा, मी कागदाचा भक्त झालेलो नाही. उलट कागदाची गंमतही मी पाहिलीय. इथे घर विकताना जो फॉर्म भरावा लागतो त्यात सरळ प्रश्न असतो: हीटिंग १ एप्रिल २००५ नंतर बसवलंय का? असेल तर सर्टिफिकेट जोडा. आमच्या आधीच्या मालकाकडे ते नव्हतंच. यावर दोन्हीकडच्या सॉलिसिटरांनी तोडगा काय काढला? विमा! नगरपालिकेने उद्या कारवाई केली तर खर्च विमा कंपनी देणार. कोणी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन येऊन बॉयलर तपासला का? नाही. नसलेल्या कागदाच्या बदल्यात दुसरा कागद आला आणि सगळे खूश. आम्ही पण. ज्या बॉयलरची कोणी खात्री दिलेली नव्हती त्याच्याशेजारी आम्ही एक अख्खी दिवाळी काढली, हे मला जानेवारीत कळलं.

दुसरी गंमत म्हणजे कागद 'नियमाप्रमाणे' म्हणतो, 'नीट' म्हणत नाही. २००५ पासून इथे कंडेन्सिंग बॉयलर सक्तीचे आहेत. धुरातल्या वाफेचं पाणी करून त्यातलीही उष्णता काढून घ्यायची, ही त्यामागची कल्पना. पण त्यासाठी रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असावं लागतं. बसवणारे बरेचदा पाणी ७५-८० अंशांवर सोडून जातात, कारण घर पटकन तापतं आणि गिऱ्हाईक तक्रार करत नाही. मग पैसे कंडेन्सिंगचे मोजायचे आणि वाफ गल्लीत सोडायची. आमच्या माणसाला मी विचारलं तेव्हा त्याने हसत ६० वर आणून दिलं. विचारलं नसतं तर? सर्टिफिकेट तेच आलं असतं.

("हीट पंप का नाही घेतलास?" असं कोणीतरी विचारणारच. सरकार ऑक्टोबर २०२३ पासून त्यासाठी साडेसात हजार पौंड देतं हे खरंय. पण गरम पाण्याची टाकी ठेवायला आमच्या घरात जागा नाही, आणि घरात अकरा अंश असताना माणूस दूरदृष्टीने निर्णय घेत नाही. असो.)

तर २,३९५ वाला आला. दीड दिवस काम केलं. शेवटी गॅसचा दाब मोजला, धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजला, आकडे पुस्तिकेत लिहिले, खाली आपला नंबर घातला आणि सही केली. मी बघत होतो. नवा बॉयलर ज्वलनाला लागणारी हवासुद्धा नळकांड्यातून बाहेरून घेतो आणि धूर त्याच नळकांड्यातून बाहेर टाकतो. घरातल्या हवेशी त्याचा काही संबंधच नाही. एवढं करून वर अलार्म.

आणि तेव्हा मला पुण्याचं बाथरूम आठवलं.

चार बाय सहाचं. वर एक झडपेची खिडकी, जी हिवाळ्यात आई बंद करते, कारण गार वारा येतो. भिंतीवर गॅस गिझर. नळकांडं नाही. तो जळतो बाथरूममधल्याच हवेवर आणि धूर सोडतो बाथरूममध्येच.

मी कागद-पेन घेऊन बसलो. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचं म्हणजे दहा किलोवॉट झाले. स्वयंपाकाचे चार-पाच बर्नर एकदम पेटवल्यासारखं. एवढा गॅस जाळायला तासाला दहा-बारा घनमीटर हवा लागते. आमच्या बाथरूममध्ये सगळी मिळून साडेपाचच्या आसपास. म्हणजे दार-खिडकी बंद असेल तर अर्ध्या तासात अख्ख्या खोलीतली हवा. त्याच्या कितीतरी आधी प्राणवायू कमी पडून ज्योत बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. चक्कर येतेय हे कळेपर्यंत कडी काढायची ताकद उरत नाही. आपल्याकडे बाथरूममध्ये माणूस बेशुद्ध सापडल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. आपण 'अरेरे' म्हणतो आणि पान उलटतो.

दहावी-बारावीच्या रसायनाचं गणित होतं हे. मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, त्याच बाथरूममध्ये आंघोळी करून कॉलेजला गेलो, आणि एकदाही मांडलं नाही. का? कारण कोणी सही मागितली नव्हती. तो पोरगा अर्ध्या तासात लावून गेला, त्याचं नावसुद्धा बाबांना आठवत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. सर्टिफिकेटची खरी किंमत दोन-चार पौंडच आहे, पण त्यामुळे कुणातरी एका माणसाला आपल्या नावानिशी सांगावं लागतं की हे मी केलं आणि हे मी मोजलं. कोटेशन घेताना फोड मागा, कार्ड उलटून बघा, पाण्याचं तापमान विचारा. कागद आहे म्हणून डोळे मिटू नका. पण "कागदाशिवाय स्वस्तात" म्हणणाऱ्याला मात्र एकच प्रश्न विचारा: बाबा रे, तू नक्की काय गाळणार आहेस?

रविवारी पुण्याला परत फोन केला. म्हटलं, "बाबा, गिझर बाहेर पॅसेजमध्ये काढून घ्या, नुसता पाइप आत येऊ दे. आणि उद्यापर्यंत तरी झडप उघडी ठेवून, दार लोटून आंघोळ करा." बाबा म्हणाले, "अरे, इतकी वर्षं काही झालं नाही." मग मी साडेपाच घनमीटरचं गणित सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग आईचा आवाज आला, "अहो, त्या प्लंबरला फोन लावा."

काम मंगळवारी झालं. खर्च बाराशे रुपये. पावती मागितली का, विचारलं, तर नाही. :-)