तलावातली पिसू आणि शेतातले खत

बऱ्हाणपूरला पाण्याची कदर जुनी आहे. सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारांतून शहरात आणणारा कुंडी भंडारा मोगलांच्या काळचा, १६१५च्या सुमाराचा. पाणी किती, याची काळजी आपण तेव्हापासून करतो. ते कसे आहे, हे मात्र क्वचितच विचारतो. म्हणून हा अंक साठलेल्या पाण्यातल्या जिवांवर काढला आहे.

त्यांत आम्ही मध्यभागी ठेवली आहे पाणपिसू, म्हणजे डॅफ्निया. जेमतेम काही मिलिमीटरचा हा जीव शेवाळ गाळून खातो आणि मासे त्याला खातात. शेवाळात फॉस्फरस फार कमी असला, तर पोटभर खाऊनही पिसूची वाढ खुंटते. थोडा वाढला की ती झपाट्याने वाढते. पण तो अतोनात झाला, की नील-हरित शेवाळ माजते. त्याचे तंतू तिची गाळणी अडवतात, त्यात पोषण कमी असते आणि काही जाती विषारीही असतात. सांडपाण्याने हिरवा पडलेला कोल्हापूरचा रंकाळा अनेकांना आठवत असेल.

आपल्याकडे केळी आणि कापूस भरपूर खत मागतात. पिकाने न घेतलेले खत, त्यातल्या फॉस्फरससकट, पावसात वाहत तापीकडे जाते आणि तापी पुढे भुसावळजवळच्या हतनूर धरणात साठते. दोष शेतकऱ्याला द्यायचा नाही; माती तपासून, मोजून खत दिले तर खर्चही वाचतो आणि पाणीही.

तुमच्या गावच्या तलावाचा रंग कधी आणि कसा बदलतो, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.

— संपादक